खोक्यात सापडलेला राजपुत्र

श्रावण आला की आमच्या फोंडाघाटात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. कोकणातल्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नको, घाटावरच्यांना सांगावे लागते! माळ्यावर ठेवलेल्या जुन्या कॅसेटी आणि फ्लॉपी चकत्या यांनाही ती सोडत नाही. आता समजा, कोणी तीस वर्षांपूर्वी स्वतः रचलेला संगणकावरचा खेळ अशाच एखाद्या चकतीवर पडून आहे. तो परत मिळेल का? मिळू शकतो, पण त्यासाठी काय काय जुळून यावे लागते, ते एका खऱ्या उदाहरणावरून पाहू या.

जॉर्डन मेक्नर हा अमेरिकन तरुण येल विद्यापीठात शिकत असताना अ‍ॅपल टू या घरगुती संगणकावर एकट्यानेच खेळ रचत असे. १९८४ साली त्याचा 'कराटेका' हा खेळ बाजारात आला. त्यातली माणसे खरी वाटावीत म्हणून त्याने आपल्या कराटेच्या शिक्षकांचे चित्रीकरण केले आणि फिल्मवरचे एकेक चित्र गिरवून संगणकात घातले. खेळाचे संगीत त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी दिले. म्हणजे सारा कारखाना घरचाच! पुढे धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याने १९८९ साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया' पुरा केला. हा राजपुत्र नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या संगणक कक्षांतही पोहोचला. शिक्षकांची पाठ वळली की तो पडद्यावर धावू लागे, हे आजचे पुष्कळ शिक्षक कबूल करतील.

खेळ जगभर गेला, पण त्याची मूळ आज्ञावली मात्र हरवली. तुम्ही विचाराल, खेळाच्या प्रती घरोघर असताना हरवले ते काय? याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. मालवणी रश्श्याची चव घेऊन त्यात धने, मिरची आणि खोबरे आहे इतके तुम्ही ओळखाल. पण कोणता जिन्नस किती घेतला, आधी काय भाजले आणि का, हे आजीच्या वहीतच सापडेल. विकला जाणारा खेळ हा तयार रस्सा, यंत्रालाच समजणारी आकड्यांची रास. मूळ आज्ञावली ही ती वही. तिच्यात रचनाकाराने दिलेली नावे आणि स्वतःसाठी लिहिलेली टिपणे असतात. ती नसेल, तर खुद्द रचनाकारालाही आपले जुने काम नीट उलगडून दुरुस्त करता येत नाही.

अनेक वर्षे शोधूनही मेक्नरला ती सापडली नव्हती. २०१२ साली वडिलांनी घरातल्या कपाटातले एक खोके त्याला पाठवले. त्यात जुन्या चकत्या होत्या आणि त्यांतच 'प्रिन्स'ची मूळ आज्ञावली! तरीही त्याने त्या लगेच संगणकात घातल्या नाहीत. नव्या संगणकाला अशा चकतीसाठी फट नसते हे तर झालेच. खरी भीती वेगळीच होती.

फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकची लवचिक चकती. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो आणि त्या लेपात सूक्ष्म चुंबकीय पट्टे उमटवलेले असतात. वाचणाऱ्या हेडमध्ये तारेचे वेटोळे असते. चुंबकीय क्षेत्र बदलले तरच वेटोळ्यात विद्युतधारा प्रवर्तित होते, हा फॅराडेचा नियम तुम्ही शिकला आहात. म्हणून हेडला चुंबकत्व 'दिसत' नाही, त्याची दिशा उलटलेली तेवढी कळते. ठरलेल्या वेळात दिशा उलटली तर १, नाही उलटली तर ०. अ‍ॅपल टूची सव्वापाच इंची चकती मिनिटाला ३०० फेऱ्या घेई, म्हणजे एका फेरीला ०.२ सेकंद. प्रत्येक जागेला ४ मायक्रोसेकंद मिळत. भागाकार करून पाहा: एका वर्तुळात अशा सुमारे ५०,००० जागा येतात.

वाचताना हेड लेपाला चिकटून फिरते. लेप दमट हवेने सुटा झाला असेल किंवा त्यावर बुरशी असेल, तर हेड तो खरवडून काढते आणि तेवढी माहिती कायमची जाते. वाचण्याची संधी कदाचित एकदाच मिळणार. म्हणून मेक्नरने जुन्या संगणकांच्या इतिहासाचे जतन करणारा जेसन स्कॉट आणि अ‍ॅपल टूचा जाणकार टोनी डियाझ यांना बोलावले. डियाझने जुनी यंत्रे आणली. एप्रिल २०१२ मध्ये चकत्यांवरची माहिती सुखरूप उतरवली गेली आणि मेक्नरने ती आज्ञावली सर्वांना वाचण्यासाठी खुली केली. माळ्यावर चकत्या असतील, तर ही सावधगिरी तुम्हीही बाळगा. आधी कोरड्या जागी ठेवा, जाणकाराकडून एकदाच वाचून नक्कल घ्या आणि पुढचे सारे प्रयोग नकलेवर करा.

माहिती मिळाली तरी ती चालवायला जुना संगणक लागतोच. त्यावर तोड म्हणजे एम्युलेटर. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री दशावतारात राजाचे सोंग घेऊन उभा राहतो, तसे ही आज्ञावली नव्या संगणकाला जुन्याचे सोंग घ्यायला लावते. १९८४-८५ पासून भारत सरकारच्या 'क्लास' योजनेतून अनेक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. त्यांचेही सोंग आज घेता येते. याच मार्गाने मेक्नरचा त्याहून जुना 'डेथबाउन्स' लोकांपुढे आला. १९८२ साली ब्रॉडरबंड कंपनीने तो नाकारला होता. २०२३ मध्ये डिजिटल इक्लिप्स या संस्थेने त्याचे जुने खर्डे 'द मेकिंग ऑफ कराटेका' या संग्रहात प्रसिद्ध केले. सोबत त्या खेळाची एक नवी आवृत्तीही दिली. नाकारलेला खर्डा ४१ वर्षांनी छापून यावा, तसेच हे झाले. मला तर यशस्वी खेळापेक्षा हे अर्धेमुर्धे प्रयत्नच अधिक शिकवणारे वाटतात.

'प्रिन्स'मधली एक युक्ती मात्र तुम्ही कागदावर करून पाहण्यासारखी आहे. त्या संगणकाची स्मृती होती फक्त १२८ किलोबाइट. नायकाच्या चित्रांनीच ती भरत आली होती. दुसऱ्या पात्राला जागा नव्हती. मेक्नरने नायकाचेच चित्र एक घर सरकवले आणि मूळ चित्राशी ताडून पाहिले. दोन्हीकडे सारखे असेल तिथे ०, वेगळे असेल तिथे १. चौकटीच्या कागदावर लिहा ००११११००. त्याखाली एक घर उजवीकडे सरकवून ०००११११०. वरीलप्रमाणे ताडल्यास उत्तर येते ००१०००१०. भरीव शरीर नाहीसे झाले आणि दोन्ही बाजूंच्या कडा तेवढ्या उरल्या! नायकाला आडवी जाणारी ती लुकलुकती सावली अशी जन्मली, नव्या चित्राशिवाय. आता ओळींची संख्या वाढवा, एक अख्खा माणूस काढा आणि हीच कृती सर्व ओळींवर करून पाहा. घर डावीकडे सरकवले तर सावली कोणत्या बाजूला जाईल?