गाडीचे ॲव्हरेज आणि उसाचे पेट्रोल

अंकुशनगर या नावाशी समर्थ सहकारी साखर कारखाना आणि उसाचा गळीत हंगाम ही दोन चित्रे जोडलेली आहेत. हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या कारखान्याकडे निघतात आणि त्यांच्यामागून आपल्या मोटारी हळूहळू सरकतात. त्या मोटारींच्या टाकीतही आता उसाचा अंश असतो, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. या परिसरातील माणूस ऊस विकतो आणि पेट्रोल विकत घेतो. त्यामुळे गाडीच्या ॲव्हरेजचा प्रश्न त्याच्यापुढे दोन्ही बाजूंनी उभा राहतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. २००१ साली देशात जे प्राथमिक प्रयोग झाले, त्यांत आपल्या राज्यातील मनमाड आणि मिरज ही केंद्रे होती. २००३ पासून मिश्रणाचा कार्यक्रम रीतसर सुरू झाला. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. २० टक्क्यांसाठी आधी २०३० हे वर्ष ठरले होते, ते पुढे २०२५ वर आणले गेले. आज पंपावर मिळणारे पेट्रोल बहुतेक ठिकाणी याच मिश्रणाचे आहे.

‘गाडी पूर्वीसारखी ॲव्हरेज देत नाही’ ही तक्रार अनेकांच्या तोंडी असते. ती सर्वस्वी निराधार नाही. एक लिटर इथेनॉल जळून मिळणारी ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. म्हणून २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमधील ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारणतः ६ ते ७ टक्क्यांनी कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही जुन्या धाटणीच्या मोटारींसाठी ६ ते ७ टक्के घट अंदाजिली होती. २० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांत ती १ ते २ टक्क्यांवर येते, कारण इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असतो आणि त्याचा लाभ घेणारे इंजिन काही तूट भरून काढते. १० टक्के मिश्रणाशी तुलना केली, तर नवी घट याच्या निम्मीच राहते. म्हणून ॲव्हरेज एकाएकी वीस-तीस टक्क्यांनी घसरले असेल, तर दोष इंधनाला न देता गाडी मेकॅनिककडे न्यावी.

जुन्या गाडीच्या मालकाने आणखी एक काळजी घ्यावी. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला टिकतील असे आहेत. त्याआधीच्या गाड्यांतील रबरी नळ्या व वॉशर इथेनॉलने लवकर खराब होऊ शकतात. सर्व्हिसिंगच्या वेळी ते तपासून घ्यावेत. इथेनॉल पाणी शोषते, म्हणून महिनोन्महिने गाडी उभी ठेवणे टाळावे.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. १८ किलोमीटर ॲव्हरेज देणारी गाडी ७ टक्के घटीने १६.७ वर येते. वर्षाला १२,००० किलोमीटर धावल्यास सुमारे ५० लिटर इंधन जास्त लागते. हे नुकसान भरून काढण्याचे साधन मुख्यतः चालकाच्या पायाशी आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. पण ८० ऐवजी १२० ने गेल्यास वेग दीडपट आणि हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. जालन्याहून मुंबई-नागपूरला जाणाऱ्याने वेग थोडा आवरला, तरी अर्धी बचत तिथेच होते. याखेरीज टायरमधील हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना तपासावी. टपावरचे रिकामे कॅरिअर काढून ठेवावे. ट्रॅक्टरमागे अडकल्यावर वारंवार वेग वाढवून ब्रेक दाबू नये. गाडी थांबवून बोलत उभे राहताना इंजिन बंद करावे. या सवयींनी १० टक्के सुधारणा झाली, तर १६.७ चे १८.४ होतात. म्हणजे मिश्रणामुळे झालेली तूट भरून वर थोडी शिल्लक राहते.

सुधारणा झाली की नाही, हे अंदाजाने सांगू नये. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, पुन्हा त्याच पंपावर टाकी भरून चाललेले अंतर भरलेल्या लिटरने भागावे. असे तीन-चार वेळा करून सरासरी काढावी.

पर्यायांचेही असेच गणित मांडावे. सीएनजी किटला समजा ६०,००० रुपये लागले आणि किलोमीटरमागे २ रुपये वाचले, तर पहिले ३०,००० किलोमीटर केवळ खर्च वसूल होण्यात जातात. डिकीतील जागा जाते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. रोज लांब धावणाऱ्यास ते परवडते, आठवड्यातून एकदा बाजाराला जाणाऱ्यास नाही. विजेच्या गाडीचा प्रत्येक किलोमीटरचा खर्च सर्वांत कमी, परंतु खरेदीची किंमत मोठी आणि घरी खात्रीची वीज हवी. इंधनाच्या नळीवर बसवायची चुंबके आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांच्या वाटेस जाऊ नये. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली, पण ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे त्यांत एकही आढळले नाही.

शेवटचा हिशेब पाण्याचा आहे. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यातून जातो, तरीही २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, हे आपण विसरलेलो नाही. नीती आयोगाच्याच अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल तयार होण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. पाऊस कमी झाल्याने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधने आणावी लागली. मळी हा साखर करताना उरणारा पदार्थ असल्याने तिच्यापासून इथेनॉल काढणे योग्यच. पण त्यासाठी अधिक ऊस लावणे आपल्या भागाला झेपणार नाही.

म्हणून वाचवलेल्या प्रत्येक लिटरला येथे दुहेरी मोल आहे. पेट्रोलमागे पैसा वाचतो आणि त्यातील इथेनॉलमागे पाणी. या शाळेच्या अंगणात वाढलेल्या आणि आता गाडीने स्नेहमेळाव्यास येणाऱ्या प्रत्येकाने परतीच्या प्रवासात वेगमापकाकडे एकदा पाहावे. आपल्या गावाची बचत तिथूनच सुरू होते.