पलटण मोठी की सरदार?

मराठवाड्यात कबड्डी अजूनही गावच्या मैदानावरची. प्रो कबड्डी लीगमध्ये मात्र ती 2014 पासून लिलावाच्या पैशांवर चालते आणि प्रत्येक संघमालकापुढे एकच पेच असतो: तिजोरी एका नामवंतावर रिती करायची की बाकावरची फळी भक्कम करायची? पुणेरी पलटणचे मागचे काही हंगाम पाहिले, तर या पेचाच्या दोन्ही बाजू दिसतात.

सुरुवातीला पलटणने नावावर भरवसा ठेवला. चढाईपटू नितीन तोमरसाठी कोटीच्या वर मोजले, पण 2019 मध्ये संघ तळाकडेच राहिला. आठव्या हंगामात तोमरच्या जोडीला राहुल चौधरी आला. हंगाम पुढे सरकला तसा चढायांचा भार मात्र नवख्या अस्लम इनामदार आणि मोहित गोयतवर आला. अस्लम आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा.

2022 मध्ये 1 कोटी 38 लाखांना बचावपटू फझल अत्राचली आणला आणि पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत पोहोचली. ऐन वेळी अस्लम आणि मोहित दोघेही जखमी होते. जयपूरने सामना 33-29 असा घेतला. अवघ्या चार गुणांच्या या फरकाने राखीव फळीची किंमत कळली.

पुढच्या लिलावात संघाकडे 5 कोटींची मर्यादा होती. त्यातले 2 कोटी 35 लाख एकट्या बचावपटू मोहम्मदरेझा शादलुईवर लावले. हा डाव परवडला, कारण अस्लम, मोहित, नाशिकचा आकाश शिंदे ही घडवलेली पोरं आधीच संघात होती. साखळीत 22 पैकी 17 सामने जिंकून 96 गुण मिळाले. चढाईच्या गुणांत पहिल्या पाचांत पलटणचा एकही खेळाडू नव्हता, कारण गुण सगळ्यांत वाटले गेले. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये अंतिम सामन्यात हरियाणाला 28-25 असं हरवलं, त्यात पंकज मोहितेचे 9 गुण होते.

पण फळी एकदा उभी राहिली म्हणजे कायमची राहत नाही. अकराव्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, अस्लम दुखापतीने बाहेर पडला आणि गतविजेते बाद फेरीलाही मुकले. शादलुईला घेऊन हरियाणाने त्याच हंगामात करंडक उचलला. बाराव्या हंगामात पलटण पुन्हा अंतिम फेरीत आली आणि दिल्लीकडून 28-31 अशी हरली.

तारा लागतोच. शादलुईशिवाय पुण्याचा विजेत्या हंगामातला बचाव उभा राहिला नसता. मात्र त्याचा पैसा वसूल होतो तो घरात घडलेल्या पोरांच्या जोरावर. हाच हिशेब क्रिकेटलाही लागू आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या नावाने क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये छत्रपती संभाजी किंग्ज 2023 मध्ये उतरले, तेव्हा मुख्य चेहरा होता राजवर्धन हंगरगेकर. त्याच्या मागे उभी राहणारी फळी मराठवाड्याच्याच मैदानांवर तयार व्हावी. त्यासाठी लिलावाच्या दिवसाइतकंच लक्ष वर्षभराच्या सरावाकडे द्यायला हवं.