गव्हाविना पाव

गहू हेच एखाद्याच्या व्याधीचे कारण ठरू शकते, यावर प्रथम कोणाचाही विश्वास बसत नाही. परंतु सिलियाक नावाच्या विकारात गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन नामक प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर आघात करते. अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होते, मुलांची वाढ खुंटते. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० सालच्या आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष सप्रमाण दाखवून दिला. जगात शंभरांतील सुमारे एका व्यक्तीस हा विकार असतो. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे जन्मभराचे पथ्य.

हे पथ्य पाळणाऱ्या मुलाचे दुःख भुकेपेक्षा पंक्तीचे अधिक असते. सर्वांच्या पानात एक आणि त्याच्या पानात दुसरे, हे त्यास रोज सोसावे लागते. म्हणून सर्वांनीच आवडीने खावा असा पाव घरी करता येणे अगत्याचे आहे.

आज मराठी कुटुंबे दूरदूर पसरली आहेत. कतारमध्ये दोहा शहरालगत, जेथे पूर्वी समुद्रातून मोती काढीत, तेथे २००४ पासून भराव घालून 'द पर्ल' हे कृत्रिम बेट उभारण्यात आले. अशा बेटावरील उंच इमारतीतील मराठी घर असो, की अश्दोद, लोद किंवा दिमोना येथील आपले घर असो, तेथे चूल नाही आणि कामावरून परतल्यावर पीठ मळण्यास वेळही नाही. अशा वेळी पाव करण्याचे घरगुती यंत्र साहाय्यास येते. मात्र त्याचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

हे यंत्र १९८० नंतरच्या दशकात जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने सिद्ध केले. कंपनीच्या इकुको तानाका यांनी ओसाका येथील एका हॉटेलातील निष्णात पाववाल्याकडे काम शिकून, तो कणीक कशी ओढतो व पिळतो याचे निरीक्षण केले, आणि तीच क्रिया यंत्रात उतरविली. म्हणजे यंत्रास मुळात गव्हाचेच शिक्षण मिळालेले आहे! गव्हाचे ग्लुटेन ताणले जाऊन त्याचे जाळे बनते व यीस्टचा वायू त्यात अडकतो. तांदळात ते जाळेच नाही.

आपल्या कोकणातील गृहिणीस ही अडचण नवी नाही. तांदळाची भाकरी करताना ती पिठाची उकड काढते; उकळत्या पाण्याने पिष्ट फुलून चिकट होते व भाकरी तुटत नाही. पावात हेच काम इसबगोलाचा भुसा करतो.

साधारण प्रमाण असे: तांदळाचे पीठ २५० ग्रॅम, बटाट्याचे पिष्ट १०० ग्रॅम, टॅपिओकाचे पिष्ट १०० ग्रॅम, इसबगोल २० ग्रॅम, कोरडे यीस्ट ७ ग्रॅम, साखर १ मोठा चमचा, मीठ दीड लहान चमचा, अंडी २, तेल ३ मोठे चमचे व कोमट पाणी सुमारे ४०० मिलिलिटर. दुधाऐवजी पाणी व तेल घेतल्याने हा पाव मांसाच्या जेवणातही चालतो. सर्व जिन्नस तोलूनच घ्यावेत. पातळ पदार्थ प्रथम, कोरडे नंतर व यीस्ट सर्वांत वर घालावे. मिश्रण कणकेसारखे न होता दाट भज्याच्या पिठासारखे दिसेल. म्हणून घाबरून आणखी पीठ घालू नये. भांड्याच्या कडांना चिकटलेले पीठ लाकडी उलथन्याने खाली सारावे.

यंत्रात ग्लुटेनविरहित पावाचा स्वतंत्र क्रम असल्यास तोच लावावा. गव्हाच्या क्रमात फुगलेले पीठ पुन्हा मळले जाते. तांदळाचे पीठ एकदा बसले की फिरून फुगत नाही. पाव भाजून होताच भांड्यातून काढावा, अन्यथा वाफेने तळ ओला होतो. पूर्ण थंड झाल्यावरच कापावा.

शुद्धतेविषयी मात्र हयगय नको. ज्या यंत्रात गव्हाचा पाव झाला आहे, त्याच्या पात्याच्या खोबणीत पीठ उरते. पथ्यासाठी यंत्र वेगळेच ठेवावे. गहू दळणाऱ्या चक्कीवरील तांदळाचे पीठ वर्ज्य समजावे. बाजारी हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे फार थोड्यांस ठाऊक आहे.

एक प्रश्न शब्बाथच्या मेजाचा. हमोत्सीची बेराखा पाच धान्यांच्या पावावर म्हणतात व तांदूळ त्यांत नाही. गव्हाच्या संपर्कापासून जपलेल्या ओटचा पाव हा एक मार्ग आहे; परंतु ओटही सर्व रुग्णांस सोसत नाहीत. म्हणून आधी वैद्यांचा व नंतर आपल्या रब्बींचा सल्ला घ्यावा.

आमचे भगिनींस सांगणे इतकेच की, हा पाव केवळ आजारी मुलापुरता करू नये. आठवड्यातून एक दिवस तरी तो साऱ्या घराने खावा. आपल्या मलिद्यात पोहे, नारळ व गूळ असतात. त्या ताटापाशी पथ्याचे मूल कधी वेगळे बसत नाही. रोजच्या जेवणातही त्यास तसेच बसता यावे.