अर्ध्या ओळीवरून पूर्ण ओळ

परवा औरंगपुऱ्यात सरस्वती भुवन महाविद्यालयाजवळून चाललो होतो. मागून हाक आली, "काय शायर!" वळून पाहिले, तर टक्कल पडलेले एक गृहस्थ. चेहरा ओळखू येईना. पण त्या आवाजाबरोबर वर्गातला शेवटचा बाक आठवला, सायकल आठवली, आईने दिलेला डबा आठवला, आणि सर्वांत शेवटी नाव. मी आनंदाने विचारले, "आई बऱ्या आहेत ना?" तो गप्प झाला. त्याची आई जाऊन बारा वर्षे झाली. अंत्ययात्रेत मी स्वतः होतो!

श्रोतेहो, इतके बरोबर आठवणारे मन नेमके तिथेच का चुकावे?

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ साली स्मृतीचा एक गणिती नमुना मांडला. पुढे २०२४ मध्ये त्यांना जेफ्री हिंटन यांच्यासह नोबेल मिळाले. त्यांच्या जाळ्यातल्या प्रत्येक घटकाला दोनच अवस्था, चालू किंवा बंद. आणि प्रत्येक घटक बाकी सर्वांशी जोडलेला. चित्र शिकवताना जे दोन घटक सारखे वागतात त्यांचा धागा बळकट करायचा, विरुद्ध वागणाऱ्यांचा उलट दिशेने ओढायचा. म्हणजे चित्र एका कप्प्यात नसते, ते सगळ्या धाग्यांत पसरलेले असते. त्याच धाग्यांत दुसरे, तिसरेही. मग अर्धेमुर्धे चित्र दाखवले, की प्रत्येक घटक इतरांचा कल पाहून स्वतःला बदलतो आणि उतारावरची गोटी खळग्यात थांबावी तसे जाळे पूर्ण चित्रावर स्थिरावते. थोडे धागे तुटले तरी काम भागते.

पण शंभर घटकांत चित्रे मावतात जेमतेम चौदा. त्यापुढे गोंधळ. दोन चित्रे फार सारखी असली, तर खळगेच एकमेकांत मिसळतात. माणसाचा मेंदू याहून फार गुंतागुंतीचा, पण ही खोड ओळखीची वाटते.

रमजानच्या तरावीहमध्ये हाफिजसाहेब कुराण तोंडपाठ म्हणतात. एक शब्द निघाला की पुढचा येतो. मात्र सारख्या शब्दांच्या दोन आयती आल्या, की कसलेला हाफिजही एकीवरून दुसरीवर घसरू शकतो. म्हणून मागच्या रांगेत दुसरा हाफिज असतो. तो अचूक शब्द पुरवतो. याला 'लुकमा देणे' म्हणतात. लुकमा म्हणजे घास.

त्या संध्याकाळी मला मित्रानेच लुकमा दिला. म्हणाला, "अरे, तू विचारतोयस ती आपल्या बाकावरच्या तिसऱ्याची आई. त्या आहेत अजून. चल, भेटून येऊ."