खारी, बॉल दे ना!

रात्री शेवटची लोकल पकडून घरी येताय. गल्लीतला एखादा कुत्रा भुंकत मागे लागतो. तुम्ही काय करता? नुसते खाली वाकता. हातात दगड नसतोच, पण कुत्रा मात्र धूम ठोकतो. ही ट्रिक आपल्याकडे पोराटोरांना माहीत असते. कुत्र्यांना तर असतेच असते.

आता समजा, असाच एक कुत्रा तुम्ही घरी आणलाय. हौसेने बॉल घेतलाय. रील्समध्ये बघितलंय तसं तुम्ही हात मागे नेता, बॉल फेकता आणि 'आण!' म्हणून ओरडता. तो काय करेल?

आमच्या खारीने काय केलं, सांगते. ती पलंगाखाली जाऊन बसली. चांगली दोन तास.

हाडावरून झालं महाभारत

खारी लालबागच्या आमच्या चाळीत आली ती गेल्या पावसाळ्यात. चिवडा गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर भिजत बसली होती. रंग अगदी चहात बुडवायच्या खारीचा, म्हणून नावही तेच. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत 'बैलघोडा'त, तिला नेलं. लस टोचली. वय असेल आठेक महिने, असं कळलं.

मग एके दिवशी तिला गॅलरीत चिकनचं हाड सापडलं. शिजवलेलं हाड फुटून त्याच्या कपच्या घशात, आतड्यात अडकू शकतात, एवढं मला माहीत होतं. मी धावत जाऊन ते तिच्या तोंडातून ओढलं. ती गुरगुरली आणि माझ्या हाताला तिचा दात लागला. नळाखाली साबणाने १५ मिनिटं हात धुतला आणि तशीच डॉक्टरकडे गेले. (कुत्रा घरचा असो, लस दिलेला असो, हे दोन्ही करायचंच. अंगावर काढायचं नाही.)

पण चाळीत काही लपून राहतं का? शेजारचे आजोबा म्हणाले, "बाळा, गॅलरीत लहान पोरं खेळतात. उद्या त्यांच्या हातातलं बिस्कीट हिने ओढलं तर?" मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. चाळ कमिटीने एक महिना दिला. सुधारली तर राहील, नाहीतर दुसरं घर बघा.

तेव्हा आमचा बॉलचा खेळ सुरू झाला तो असा. रीलसाठी नाही, खारी घरात राहावी म्हणून.

देशी कुत्र्याला जमतं का?

सगळे सांगत होते, "अगं, ते लॅब्रेडॉरचं काम. देशीला नाही जमत." अर्धं खरं आहे. लॅब्रेडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे कुत्रे. पाण्यातून वस्तू ओढून आणणं हेच त्यांचं काम. पुढे इंग्लंडमध्ये शिकार केलेला पक्षी न चावता मालकाकडे आणून देतील, असे कुत्रे निवडून निवडून ही जात घडवली गेली. आपल्याकडचा कारवानी किंवा मुधोळ बघा. तो नजरेने ससा हेरून वाऱ्यासारखा पळणारा. त्याची निवड झाली ती पळण्यासाठी. आणि गल्लीतला देशी? त्याला कुणी कुठल्याच कामासाठी घडवलेलं नाही.

पण म्हणून त्याला जमणारच नाही असं नाही. २०२०मध्ये स्वीडनच्या स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी लांडग्याच्या १३ पिल्लांसमोर बॉल टाकून बघितला. आठ आठवड्यांच्या त्या पिल्लांपैकी तिघांनी बॉल अनोळखी माणसाकडे परत आणून दिला. तिघंच, पण लांडगे! मग खारीला काय धाड भरलीय?

मुळात हा खेळ एक नाही, तीन कामांचा आहे. मागे धावणं, तोंडात धरणं आणि आणून देणं. पहिली दोन बहुतेक कुत्र्यांना आपोआप येतात. शिकवायचं असतं ते तिसरं. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला तर आधी रस्त्याने शिकवलेले दोन धडे विसरायला लावावे लागतात. वर गेलेल्या हातात दगड असतो, हा पहिला. तोंडातलं सोडलं की उपाशी राहायचं, हा दुसरा.

असं शिकवा

बॉल मोज्यांचा करा. जुने मोजे एकात एक गुंडाळून लहानपणी करायचो तोच. आवाज होत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडत नाहीत आणि टप्पा पडून कठड्यावरून खाली जात नाही. बॉल पूर्ण तोंडात जाऊन घशात अडकेल एवढा छोटा नको. टेनिस बॉलची लव सतत चावली तर दात झिजतात. काठी तर नकोच, तोंडात घुसू शकते. खेळ संपला की बॉल उचलून ठेवा, नाहीतर फाडून मोजा गिळला जाईल.

आधी 'दे', फेकणं नंतर. कुत्र्याच्या तोंडात बॉल असताना नाकाजवळ उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा धरा. तो बॉल सोडेल. सुटताक्षणी 'दे' म्हणा, तुकडा द्या आणि, हे सगळ्यात महत्त्वाचं, बॉलही परत द्या. सोडलं तरी जात नाही, उलट जास्त मिळतं, हे त्याला पटू दे. आम्ही आठवडाभर फक्त एवढंच केलं. शब्द मात्र घरात सगळ्यांचा एकच हवा. आई 'सोड', बाबा 'ड्रॉप' आणि मी 'दे' म्हणत होते, तोवर खारी तिघांकडे आळीपाळीने बघत बसायची.

हात वर न्यायचाच नाही. खाली मांडी घालून बसा आणि बॉल जमिनीवरून घरंगळत सोडा. सुरुवातीला दोन-तीन फूटच. इथे चाळकऱ्यांची चैन आहे. गॅलरीच्या बंद टोकाकडे बॉल सोडायचा आणि मोकळ्या बाजूला आपण बसायचं. परत यायला तुमच्यावरूनच रस्ता!

मागे धावू नका. तुम्ही धावलात की खेळ पकडापकडीचा होतो आणि त्यात कुत्राच जिंकतो. उलट पाठ फिरवून चार पावलं लांब जा, तो मागून येतो. तरीही देत नसेल तर दुसरा तसाच बॉल दाखवा. पहिला सुटला की दुसरा सोडा.

पोट भरायच्या आत थांबा. सहा-सात वेळा झालं की बस. त्याला अजून खेळायचं असतानाच बंद केलंत तर उद्या तो आपणहून येईल. मुंबईच्या दमट हवेत तर हे पाळाच. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि हवा दमट असली की ते नीट होत नाही. जीभ लांब लोंबतेय, पाय लटपटतायत असं दिसलं तर लगेच सावली, पाणी आणि डॉक्टर.

बाहेर न्यायचं तर भल्या पहाटे आणि लांब दोरी बांधूनच. रविवारी सकाळी शिवाजी पार्कात मात्र नको. तिथे एकाच वेळी इतक्या मॅचेस चालू असतात की तुमचा बॉल सोडून तो दुसऱ्याचा सीझन बॉल पळवेल, आणि मग तुम्हालाही पळावं लागेल. गिरगाव चौपाटीवर दुपारची वाळू तापते, पंजे भाजतात. आणि हो, रेबीजची लस आणि पालिकेचं लायसन्स आधी, बॉल नंतर.

एवढं करूनही काही कुत्र्यांना हा खेळ आवडतच नाही. जबरदस्ती करू नका. घरात खाऊ लपवा आणि नाकाने शोधायला लावा. तेही तेवढंच दमवतं.

महिना संपला तेव्हा

ठरल्या दिवशी कमिटीचे काका आले, मागून शेजारचे आजोबा. मी खारीला समोर बसवलं. छाती नुसती धडधडत होती. आजोबा म्हणाले, "तू नको, मी टाकतो." आणि काही सांगायच्या आत त्यांनी हात वर नेला.

खारी दचकली. दोन पावलं मागे सरकली, माझ्याकडे बघितलं. मी आजोबांना म्हटलं, "आजोबा, बसून टाका ना." ते गुडघे धरत धरत पायरीवर बसले आणि बॉल घरंगळत सोडला.

ती गेली. बॉल तोंडात धरून तिथेच उभी राहिली. मग आली, माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे. आजोबांनी हात पुढे केला आणि अगदी हळू म्हणाले, "दे गं."

तिने दिला. आजोबांनी तो परत सोडला. कमिटीचे काका निघून गेले तरी दोघांचं चालूच होतं.