गृहकर्जाआधी सिबिल स्कोअर कसा सुधारायचा? माझा ६४१ ते ७५४ चा अनुभव

डोंबिवलीत वन बीएचके बघितला, आई-बाबांनाही आवडला. पण बँकेतल्या साहेबांनी स्क्रीनकडे बघून सांगितलं, "स्कोअर ६४१ आहे. आत्ता नाही होणार." पगार तर माझा वेळेवर येतो!

अडलं कुठे?

सिबिल स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. साधारण ७५० च्या वर असला की गृहकर्ज सोपं जातं. मी सिबिलच्या वेबसाईटवरून रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो आणि स्वतः तपासल्याने स्कोअर घटत नाही. त्यात एका 'पे लेटर' ॲपचे १,१८० रुपये थकीत दिसले. ॲप मी कधीच उडवलं होतं. पण ॲप उडवलं म्हणजे खातं बंद होत नाही!

मी काय केलं?

१. पूर्ण पैसे भरले. समोरचा म्हणाला, "९०० मध्ये सेटल करू." मी नाही म्हटलं. 'सेटल्ड' शेरा म्हणजे कर्ज पूर्ण फेडलं नाही, असं बँका धरतात. 'क्लोज्ड' करून घ्या, एनओसी ईमेलवर मागवा.

२. तक्रार केली. महिन्याभरानंतरही थकबाकी दिसत होती. साईटवरच डिस्प्यूट टाकला, फी लागत नाही. ३० दिवसांत निकाल नाही लागला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

३. कार्डाचा वापर कमी केला. लिमिट ५०,००० आणि वापर ४५,०००! आता १५,००० च्या आत, म्हणजे ३० टक्के. ऑटो-पे 'मिनिमम ड्यू'वर नाही, पूर्ण बिलावर लावा.

४. नवे अर्ज थांबवले. कर्जाच्या प्रत्येक अर्जाची रिपोर्टमध्ये नोंद होते.

निकाल

नऊ महिन्यांनी स्कोअर ७५४ झाला. तो फ्लॅट मात्र गेला. दुसरा दीड लाखाने महाग पडला. तरी थांबलो ते बरं झालं. ४० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जावर ९ ऐवजी ८.५ टक्के व्याज लागलं, तर हप्ता सुमारे १,२७५ रुपयांनी कमी होतो. एकूण तीन लाखांची बचत!

"सात दिवसांत स्कोअर वाढवून देतो" म्हणणाऱ्यांना ओटीपी देऊ नका. खरी नोंद कुणी पैसे घेऊन पुसू शकत नाही. घर बघायला निघण्याआधी वर्षभर रिपोर्ट काढा. आजच काढा!