मदतीला आलेलं आरमार

१२ फेब्रुवारी १७५६ च्या संध्याकाळी विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळत होतं. ते जाळणारी इंग्रजी जहाजं पेशव्यांच्या बोलावण्यावरून आली होती. नानासाहेब पेशव्यांनी मराठ्यांचंच आरमार परक्यांकडून का बुडवलं, यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ही संयुक्त मोहीम प्रत्यक्षात चालली कशी, याकडे मात्र फारसं कोणी वळत नाही. दोन सत्तांची फौज एका मुलखात उतरली की हुकूम कोणाचा, रसद कोणाची, जिंकलेलं कोणाचं आणि पाहुण्यांनी परत कधी जायचं, हे सगळे प्रश्न आपल्या देवगड तालुक्यातल्या या किल्ल्यापाशी एकदम उभे राहिले होते.

तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता. अमात्य आणि प्रतिनिधींच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होता. जमिनीवर त्याला कोंडणं पेशव्यांना अवघड नव्हतं, पण समुद्रात त्याच्या तोडीचं बळ त्यांच्यापाशी नव्हतं. मुंबईकर इंग्रजांना तर आंग्र्यांचा जुना जाच होताच. मार्च १७५५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बुर्शिए आणि पेशव्यांतर्फे कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यात करार झाला.

त्यातली कलमं आजही बारकाईने वाचण्यासारखी आहेत. आरमाराची सूत्रं इंग्रजांच्या हाती, पण समुद्रावर आणि जमिनीवर काय करायचं ते दोघांच्या संमतीने. तुळाजीची जी जहाजं हाती लागतील ती दोघांत वाटायची. किल्ल्यांत सापडणारा पैसा, तोफा आणि सामान मराठ्यांचं. बाणकोट आणि हिंमतगड इंग्रजांना कायमचे. सुवर्णदुर्ग, अंजनवेल आणि जयगड यांना समुद्रातून कुमक पोचू न देण्याची जबाबदारीही इंग्रजांची. कागदावर हा करार चांगला होता. कामाची वाटणी स्पष्ट होती आणि मोबदलाही आधीच ठरला होता.

पहिल्याच मोहिमेत दोन फौजांच्या सवयी एकमेकींना आडव्या आल्या. कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ जहाज घेऊन निघाला आणि चौलहून सात गुराबा व साठ गलबतांचं मराठी आरमार त्याला येऊन मिळालं. इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो, की मराठ्यांना जहाजावर जेवणखाण करणं धर्माने निषिद्ध असल्यामुळे सगळा ताफा वाटेत नांगरून ठेवावा लागला, आणि माणसं किनाऱ्यावर उतरून जेवली. शत्रूचं आरमार सुवर्णदुर्गाखाली असल्याची खबर लागली तेव्हा रातोरात झडप घालावी, असं जेम्सचं म्हणणं पडलं. मराठी आरमाराची हालचाल मात्र संथ राहिली आणि तुळाजीची जहाजं निसटली. यात कोणाची नालस्ती करण्यासारखं काही नाही. ज्यांनी कधी एकत्र सराव केलेला नाही, त्यांना लढाईच्या दिवशी एकाच चालीने चालायला सांगितलं की असंच होतं.

तरीही सुवर्णदुर्ग एप्रिलच्या सुरुवातीलाच पडला आणि पाठोपाठ बाणकोटही आला. खूश झालेल्या रामाजीपंतांनी जेम्सला आणखी दोन लाख रुपये देऊ केले; लगोलग दाभोळ आणि पुढचे किल्ले घ्यायचे होते. जेम्सने मुंबईला विचारलं. वादळांचे दिवस तोंडावर आले म्हणून मुंबईने ताफा परत बोलावला. कोकणातल्या कुठल्याही खलाशाला ते पटलं असतं. पण यजमानाला यातून एक गोष्ट कळायला हवी होती: पाहुण्या सैन्याचा शेवटचा हुकूम त्याच्या घरून येतो.

आजच्या नाटोतही तेच आहे. सदस्यदेश आपल्या तुकड्या काही कामापुरत्या नाटोच्या सेनापतीच्या हाताखाली देतात, पण त्यांच्यावरचा पूर्ण अधिकार कोणीच सोडत नाही. फरक पूर्वतयारीत आहे. परदेशी सैनिकांना कोणाचा कायदा लागू, हे त्यांनी १९५१ सालीच लंडनमध्ये करार करून ठरवलं. २०१५ पासून एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, पोलंड, रुमेनिया आणि बल्गेरिया इथे सुमारे चाळीस-चाळीस माणसांची छोटी कार्यालयं उघडली. त्यांतली निम्मी माणसं यजमान देशाची, निम्मी इतर देशांची. त्यांचं काम लढण्याचं नाही. कुमक कुठल्या बंदरात उतरेल, कुठे थांबेल, रणगाड्याचं वजन कुठला पूल पेलेल आणि इंधन कोण देईल, हे शांततेच्या काळातच जुळवून ठेवायचं. मध्य युरोपातून बाल्टिक देशांत शिरलं की रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटरची १५२० होते. मिरजेच्या स्टेशनात मीटरगेजवरचा माल ब्रॉडगेजवर चढवताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना यातली दगदग सांगायला नको.

आता विजयदुर्गाकडे येऊ. १७५५ च्या नोव्हेंबरात ॲडमिरल चार्ल्स वॉटसन इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजं घेऊन मुंबईत आला. रॉबर्ट क्लाइव्हही तिथे होताच. पावसाळ्याआधी मदत करत होतं ते कंपनीचं मुंबईतलं आरमार. आता राजाचं आरमार, कंपनीची फौज आणि पेशव्यांची फौज अशी तिहेरी जुळणी झाली. माझ्या मते ही मोहीम इथेच यजमानाच्या हातून गेली. फेब्रुवारीत मुंबई सोडण्याआधीच इंग्रज अधिकाऱ्यांनी बसून लुटीचे वाटे ठरवले आणि त्यात मराठ्यांचा वाटा ठेवला नाही. किल्ल्यातला ऐवज मराठ्यांचा, हे मार्चमधलं कलम कागदावर राहिलं.

ताफा विजयदुर्गापुढे आला तेव्हा तुळाजी मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. लढाईशिवाय किल्ला मराठ्यांच्या ताब्यात जाईल, हे वॉटसनला नको होतं. त्याने शरणागती मागितली आणि १२ तारखेला जहाजं दोन रांगांनी खाडीच्या मुखात घातली. एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे मूळचं कंपनीचंच जहाज, आंग्र्यांनी १७४९ साली जिंकून आणलेलं. त्याची आग शेजारच्या गुराबांना लागली आणि जवळजवळ बांधून ठेवलेलं सगळं आरमार भडकलं. जहाजं दोघांत वाटायचं कलमही त्या आगीबरोबर संपलं.

त्या रात्री क्लाइव्हने आपली फौज किनाऱ्यावर उतरवली आणि ती किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध नेऊन उभी केली. दोस्तांनी किल्ल्यात शिरू नये, एवढ्यासाठी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ल्याने हार मानली. सुमारे दोनशे तोफा आणि दहा लाख रुपयांच्या आसपासचा ऐवज इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. तुळाजी मराठ्यांच्या कैदेत गेला आणि पुन्हा सुटला नाही.

किल्लाही लगेच मिळाला नाही. इंग्रजांनी बाणकोटच्या बदल्यात विजयदुर्ग ठेवून घ्यायचा प्रयत्न केला. आपल्याच मुलखातला किल्ला परत मिळवण्यासाठी पेशव्यांना आठ महिने बोलणी करावी लागली. ऑक्टोबर १७५६ च्या तहात विजयदुर्ग मराठ्यांकडे आला, बाणकोट आजूबाजूच्या गावांसह इंग्रजांकडे राहिला आणि मराठी मुलखात डचांच्या व्यापाराला बंदी झाली. पुढे आनंदराव धुळपांनी विजयदुर्गाहून मराठ्यांचं आरमार चालवलं आणि नावारूपाला आणलं, हे विसरून चालणार नाही. पण आंग्र्यांच्या काळातला दरारा पुन्हा आला नाही.

पेशव्यांनी मदत मागितली, एवढ्यावरून मी त्यांना दोष देणार नाही. आपल्या मुलखात आलेलं सैन्य रोज नजरेखाली राहील अशी कोणतीच व्यवस्था त्यांनी केली नाही, हा दोष मात्र मोठा आहे. इंग्रजांच्या जहाजावर अधिकार असलेला मराठ्यांचा माणूस नव्हता, खाडीच्या मुखाशी मराठ्यांचा पहारा नव्हता आणि परतीची तारीख करारात नव्हती. भारताने ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेशी लष्करी रसदीचा करार केला. एकमेकांच्या जहाजांना इंधन-पाणी द्यायचं, त्याचे पैसे घ्यायचे, तळ मात्र द्यायचा नाही, अशी त्यातली अट आहे. ती अट मला फार मोलाची वाटते.

विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. यंदा विजयदुर्गाला गेलात, तर समुद्राकडचे बुरूज पाहून परतू नका. जमिनीकडच्या बाजूलाही थोडं थांबा. क्लाइव्हची फौज त्या अंगाला उभी होती. मुंबईच्या इंग्रजांनी पुढे नऊच वर्षांत, जानेवारी १७६५ मध्ये, कोल्हापूरकरांकडून मालवणचा सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं.